पंडिता रमाबाई यांचे जीवनचरित्र – खरा ख्रिस्ती कोणाला म्हणावे?



नाताळ जवळ आला की वर्गात एखादं मूल हमखास विचारतं, ख्रिश्चन म्हणजे नेमकं कोण? आपण पटकन सांगतो, जे चर्चमध्ये जातात आणि येशूची प्रार्थना करतात ते. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. याच प्रश्नामागे आपल्या महाराष्ट्रातली एक विदुषी जवळजवळ चाळीस वर्षं लागली होती. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

आपल्या भाषणांत आणि निबंधांत रमाबाई म्हटलं की शारदा सदन, मुक्ती सदन, विधवांसाठी कार्य, एवढं येतं आणि विषय संपतो. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे आपण एका वाक्यात, तेसुद्धा जरा घाईनेच उरकतो. कारण काय, तर वर्गात वाद नको. पण तेवढं वाक्य उरकून टाकलं तर रमाबाई समजतच नाहीत, असं मला वाटतं. म्हणून आज तिथेच जरा थांबूया.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यापायी सनातनी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवलं. रमा अगदी तान्ही असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. गावोगावी देवळात पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर दिवस काढायचा. या भटकंतीतच रमाला भागवत तोंडपाठ झालं. शाळा नाही, फळा नाही, फक्त आईचा आवाज. (आपण पाठांतराला नावं ठेवतो, पण हे उदाहरण विसरता येत नाही.)

मग दुष्काळ आला. १८७० च्या दशकातल्या त्या उपासमारीत आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास दोघंच उरले आणि पायी हिंडत राहिले. अंगावर पुरेसं पांघरूण नाही, म्हणून पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन ही भावंडं झोपत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिथेच एका ख्रिस्ती मंडळींच्या मेळाव्याला बहीणभाऊ गेले होते. प्रार्थनेची वेळ झाली तसे लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले. रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात! ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. मुलांना हा प्रसंग जरूर सांगा. दुसऱ्याचा धर्म बाहेरून बघितला की काय काय गैरसमज होतात, ते हसत हसत कळतं.

भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, वेगळ्या जातीत, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आसामातल्या सिलचरला त्यांचा संसार जेमतेम दीड वर्ष चालला. घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. नवऱ्याला मात्र बायकोने ख्रिस्ती होण्याचा विचार मुळीच रुचला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचा मृत्यू झाला. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा होती.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे मुलींच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाच्या पैशातून १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला म्हणून इंग्लंडला निघाल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकी राहून गेली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथेच दुर्दैवी मृत्यू झाला. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे रमाबाईंनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात केवढा गदारोळ झाला असेल, याची कल्पना करा. वेद-पुराणं जाणणारी ब्राह्मण विदुषी ख्रिस्ती झाली! जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली.

रमाबाईंचं मन कशाने वळलं? विद्वत्तेच्या अंगाने बघाल तर नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, या मूळच्या हिंदू पंडितांच्या लेखनाने. पण मनाला जे भिडलं ते निराळं होतं. लंडनमधल्या फुलहॅम भागात त्या मठाच्या जोगिणी एक आश्रम चालवत. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. या बायकांना कोणी हाडतूड करत नव्हतं, माणूस म्हणून वागवत होतं. असं आपल्या देशात रमाबाईंनी कुठे पाहिलं नव्हतं. असं का करता, हे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. विहिरीवर आलेल्या, लोकांनी दूर ठेवलेल्या बाईशी येशू बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो, ती गोष्ट.

म्हणजे दारातून आत शिरतानाच रमाबाईंनी ख्रिस्तीपणाची एक खूण मनाशी पक्की केली होती, की टाकलेल्याला जवळ करतो तो खरा ख्रिस्ती. आता गंमत बघा. ज्या लोकांनी त्यांना आत घेतलं, त्यांची खूण वेगळी होती. चर्चची शिकवण जशीच्या तशी मानणं आणि वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत राहणं, याला ते महत्त्व देत. इथून खटके उडायला लागले.

सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्यात आणि रमाबाईंमध्ये चाललेला पत्रव्यवहार आजही वाचायला मिळतो. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचं देवत्व यांवर रमाबाई शंका काढत राहिल्या. शास्त्रार्थ ऐकत वाढलेली मुलगी ती, हे मुकाट्याने मान, असं म्हटल्यावर गप्प कशी बसणार? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको म्हटलं. रमाबाईंनी ठणकावलं की हा निर्णय माझा आहे. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. त्यांनी विचारलं, मला न कळणारी लॅटिन कशाला, संस्कृत का नको? अंडं घातलेला पदार्थ खायला त्यांनी नकार दिला, तर त्यावरूनही नाराजी. पालकहो, तुमच्यासाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मनोरमा त्या जोगिणींकडे वाढत होती, तरी तिला धर्माचं काय शिकवायचं ते आई म्हणून मी ठरवणार, जे मलाच पटलेलं नाही ते तिच्या डोक्यात घालू नका, असा रमाबाईंचा आग्रह होता.

सिस्टर जेराल्डिनना हा गर्व वाटला. मला तो गर्व वाटत नाही. एक धर्म सोडताना ज्या बाईने स्वतःचं मन प्रमाण मानलं, तिने दुसऱ्या धर्मात आल्यावर ते गहाण का टाकावं? पण हेही मान्य करायला हवं की सिस्टर जेराल्डिनची माया खरी होती. नातं तुटलं नाही, पत्रं पुढेही येत-जात राहिली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तिथे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिलं, बोस्टनच्या लोकांनी दहा वर्षं मदत देण्यासाठी मंडळ स्थापन केलं. आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढे ते पुण्याला हलवलं. सदनात धर्माची सक्ती करायची नाही, असं ठरलेलं होतं. ब्राह्मण मुलींचा सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा होई. रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेसोबत प्रार्थना करत, पण दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या आणि वादाला तोंड फुटलं. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून प्रार्थना करा, एवढीच मागणी होती. रमाबाईंनी दार लावलं नाही.

तुम्ही पालक म्हणून विचार कराल तर त्या आई-बापांची भीतीही समजते. विश्वासाने पाठवलेली मुलगी उद्या वेगळीच होऊन आली तर? या प्रश्नाला सोपं उत्तर नाही, आणि मुलांपुढे दोन्ही बाजू मांडायला हव्यात.

याच सुमारास रमाबाईंच्या मनात आणखी एक उलथापालथ झाली. बाप्तिस्म्याला आठएक वर्षं उलटल्यावर त्यांना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. धर्म म्हणजे वाद, सिद्धांत, पंथ, पुस्तकं. हे सगळं त्यांना उत्तम येत होतं. तरी मन कोरडंच होतं. आपण गणिताचं सूत्र पाठ असलेला विद्यार्थी पाहतो ना, ज्याला उदाहरण सुटत नाही, तसंच काहीसं. इतक्या बुद्धिमान बाईने स्वतःबद्दल हे जाहीरपणे लिहिलं, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

आणि मग पुन्हा दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसं भुकेने मरत होती. आता ती वाळूतली रात्र आठवा. स्वतःचे आईवडील उपासमारीत गेलेले, रमाबाईंना घरात बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या. बोस्टनचा पैसा होता तो मुख्यतः उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी. इथे तर सगळ्या जातींच्या, हाडांचा सापळा झालेल्या मुली होत्या, आणि त्यांना फसवून नेणारे लोकही टपलेले होते. रमाबाईंनी हिशोब केला नाही. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्यांना ठेवायला परवानगी मिळेना, तेव्हा फळबागेसाठी केडगावला घेऊन ठेवलेली जमीन कामी आली. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातेतही दुष्काळ पडला आणि ही संख्या दीड-दोन हजारांवर गेली. अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. फुलहॅमचा तो आश्रमच केडगावला उभा राहिला, असं म्हणायला हरकत नाही.

याच काळातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे जे हाल होत होते, त्यांवर रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती आणि आपणही ख्रिस्ती, तेव्हा गप्प बसावं, असं त्यांना वाटलं नाही. ज्यांना त्या इंग्रजांच्या हस्तक वाटत, त्यांनी हे पत्र वाचायला हवं होतं.

मुक्तीमध्ये मात्र शारदा सदनासारखी तटस्थता उरली नाही. तिथे उघडपणे ख्रिस्ती शिकवण होती आणि बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी मुलीला अन्न देणाऱ्याच्या धर्माला ती नाही कशी म्हणणार, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. मला तो खोटा वाटत नाही. पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्नही ठेवावा लागतो, की त्या मुलींना आणायला त्या वेळी दुसरं किती जण गेलं होतं?

शेवटची अनेक वर्षं रमाबाईंनी एकाच कामाला दिली. त्या काळचं मराठी बायबल त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे, खेड्यातल्या बाईला ते कळत नसे. म्हणून साध्या मराठीत नवं भाषांतर करायचं त्यांनी ठरवलं, आणि त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतची एवढी पंडिता, पण भाषांतरात संस्कृत शब्द टाळत बसलेली! मुक्तीतच छापखाना होता. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या, कागद छापणाऱ्या हातांमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींचे हात होते. ज्यांना एकेकाळी अक्षर ओळख नव्हती, त्या आता अख्खा ग्रंथ छापत होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला. ते बायबल त्यांच्या मागे, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. पुणे-दौंड रेल्वेने जाताना केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती मिशन अजूनही तिथे सुरू आहे.