महूचे बाबासाहेब आणि देशाची वीज



महू आपल्या इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. दरवर्षी १४ एप्रिलला तिथल्या जन्मभूमी स्मारकावर दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येतात. आपल्यापैकीही अनेकजण आईवडिलांबरोबर तिथे जाऊन आले असतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्याला राज्यघटना आठवते, चवदार तळे आठवते. वीज मात्र सहसा कुणाला आठवत नाही. म्हणून या अंकात आम्ही त्यांच्या आयुष्यातल्या त्या चार वर्षांविषयी सांगायचे ठरवले आहे.

त्यांचा जन्म १८९१ चा. वडील सुभेदार रामजी महूच्या छावणीतील लष्करी शाळेत शिक्षक होते. पुढे साताऱ्याची शाळा, वर्गात वेगळे बसणे, पाण्यासाठी ताटकळणे, हे सर्व तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाल्याने १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर त्याच बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. इतका शिकलेला माणूस काही दिवसांतच शहर सोडून गेला.

आता आमच्या विषयाकडे येतो. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. तुकडे जोडून शेतकऱ्याचे दारिद्र्य हटणार नाही, फार माणसे शेतीवर अवलंबून आहेत, त्यांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, असा त्याचा सारांश. उद्योगांना शक्ती हवी आणि ती स्वस्त हवी. पंचवीस वर्षांनी वीजधोरण त्यांच्या हाती आले तेव्हा त्यामागे हाच विचार होता.

१९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नाव मजूर खाते, पण पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्यात होते. तेव्हा देशात वीज होती ती मुख्यतः शहरांत. खोपोलीला १९१५ पासून टाटांची जलविद्युत होती, म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रम त्याच्याही आधीचे. इतरत्र ज्या कंपनीला वा नगरपालिकेला परवडे, तिने आपले छोटे वीजघर चालवावे असा प्रकार. खेडी अंधारात. साऱ्या देशाचा एकत्र विचार करणारे कोणी नव्हते.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजविषयक धोरण समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना बाबासाहेबांनी नेमके हेच प्रश्न मांडले. वीज खाजगी हाती असावी की सरकारच्या? सरकारच्या असेल तर प्रांतांच्या की केंद्राच्या? भरपूर आणि स्वस्त वीज कोणत्या मार्गाने मिळेल? केंद्राने पुढाकार घेतल्याशिवाय हे घडणार नाही, याकडे त्यांचा स्पष्ट कल होता. मग १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ निघाले आणि १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांचा केंद्रीय आयोग. आजचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि केंद्रीय जल आयोग यांची मुळे तिथे आहेत.

याच काळात, १९४३ च्या जुलैत, दामोदर नदीला मोठा पूर आला. रेल्वे आणि रस्ते तुटले. ही नदी बिहारात (आजच्या झारखंडात) उगम पावते आणि पूर आणते बंगालात. धरणे बांधायची तर बुडणार बिहारची जमीन, वाचणार बंगाल. दोन प्रांत एकमेकांकडे बघत बसले असते तर काय झाले असते, ते सांगायला नको. ३ जानेवारी १९४५ ला बाबासाहेबांनी कलकत्त्यात दोघांनाही एकत्र बसवले. केवळ पूर अडवू नका, त्याच पाण्यातून वीज आणि सिंचनही घ्या, असा त्यांचा आग्रह होता. नमुना अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा. तिथले अभियंते वुर्डइन यांनी दामोदरचा आराखडा केला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकला महानदीसाठी अशीच परिषद झाली, तिचेही अध्यक्ष बाबासाहेबच.

त्या काळी स्वच्छ ऊर्जा हा शब्द प्रचारात नव्हता. हवामानबदलाचा विचार करून बाबासाहेब बोलत होते असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांना गरिबी हटवायची होती. आणि सगळे गोड झाले असेही नाही. आराखड्यातील आठ धरणांपैकी पहिल्या टप्प्यात चारच झाली. त्यांच्या जलाशयांखाली आदिवासींची आणि इतर शेतकऱ्यांची गावे गेली, त्यांचे पुनर्वसन अपुरे राहिले. दामोदर महामंडळ कोळशाच्या पट्ट्यातले, त्यामुळे पाण्यापेक्षा कोळशाचीच वीज तिथे कितीतरी पटींनी वाढली. पाण्यासाठी दोन प्रांत एकत्र आले, पण पुढे सोपा वाटला तो कोळसा. आमच्या मते आजच्या राज्यकर्त्यांनी अभ्यासावी अशी ही गोष्ट आहे.

कारण प्रश्न तोच आहे. ऊन राजस्थानात भरपूर, वारा गुजरात-तमिळनाडूच्या किनाऱ्यांकडे, कोळशावर पोट असलेली माणसे झारखंड-छत्तीसगडात. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, ही आनंदाची बातमी. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. ती अजून बहुतांशी कोळशाचीच आहे. एका राज्यातून दुसऱ्यात वीज नेणाऱ्या वाहिन्या कोण टाकणार, खाण बंद झाली तर कामगाराचे काय, हे कोणत्याही एका राज्याने सोडवण्याचे प्रश्न नाहीत. कोणाला तरी पुन्हा सर्वांना एका टेबलाशी बसवावे लागेल.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी ते खाते सोडले. दामोदर महामंडळाचा आणि वीजपुरवठ्याचा असे दोन्ही कायदे १९४८ साली झाले, तेव्हा संबंधित खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते आणि बाबासाहेब घटनेच्या मसुद्यात गुंतले होते. त्या घटनेतही वीज केंद्र आणि राज्ये दोघांच्या समवर्ती सूचीत आहे, तर आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार संसदेला आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. महानदीवरील हिराकूड धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ ला झाले, आणि दामोदर खोऱ्यातले मैथन धरण त्याच वर्षी पुरे झाले.