नियमावलीत उतरलेली श्रद्धा

धर्म देवळात आणि हिशेब पेढीवर, हा संकेत व्यापारउदिमात जगभर मुरलेला आहे. धर्मनिष्ठ उद्योगपती फार तर सढळ हाताने दान करतो, प्रार्थनास्थळ उभारतो, रुग्णालयाला देणगी देतो. मात्र नफा कसा मिळवावा आणि तो कोणात वाटावा, हा प्रश्न आला की तोही बाजाराचेच नियम पाळतो. विसाव्या शतकात हा संकेत मोडण्याचा एक अत्यंत चिवट प्रयत्न ज्यांनी केला, ते उद्योगपती नव्हते. कोणत्याही कंपनीत त्यांनी कधी पद भूषविले नाही. स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोन या लहानशा गावातील चर्चचे ते सहायक धर्मगुरू होते. त्यांचे नाव फादर होसे मारिया अरिझमेंदियारिएता.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १९१५ रोजी बिस्काय प्रांतातील मार्किनाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. बालपणीच एका अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. वितोरिया येथील सेमिनरीत त्यांचे धर्मशिक्षण सुरू असतानाच १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले. एका डोळ्यामुळे प्रत्यक्ष लढाईस अपात्र ठरलेल्या या तरुणाने बिल्बाओत बास्क भाषेतील ‘एगुना’ या दैनिकात काम केले. जून १९३७ मध्ये बिल्बाओ जनरल फ्रँको यांच्या सैन्याच्या हाती पडल्यावर त्यांना अटक झाली. बास्क पत्रकारितेतील काही जणांना त्या काळात गोळ्या घालण्यात आल्या. अरिझमेंदियारिएता थोडक्यात वाचले. युद्ध संपल्यावर त्यांनी अपुरे शिक्षण पूर्ण केले, धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि बेल्जियममधील लुव्हाँ येथे समाजशास्त्र शिकण्याची इच्छा व्यक्त केली. बिशपांनी मात्र त्यांना फेब्रुवारी १९४१ मध्ये मोंद्रागोनला पाठविले.

मोंद्रागोन हे लोखंडकामाचे जुने गाव. यादवी युद्धाने ते दुभंगले होते. बेकारी होती, क्षयाचा प्रादुर्भाव होता. स्वतंत्र कामगार संघटनांवर बंदी होती आणि संप हा गुन्हा होता. गावचा मोठा रोजगार ‘उनियोन सेराखेरा’ या कुलुपे व लोखंडी सामान बनविणाऱ्या कंपनीच्या हाती होता आणि तिच्या प्रशिक्षण वर्गातील जागा अगदी मर्यादित होत्या. नव्या धर्मगुरूंची प्रवचने भाविकांना रुक्ष वाटत. चर्चबाहेर मात्र ते तरुणांमध्ये रमले. त्यांनी खेळाचे मैदान उभे केले, अभ्यासमंडळे चालविली आणि १९४३ मध्ये २० विद्यार्थ्यांची तंत्रशाळा काढली. शाळेसाठी त्यांनी गावातील चौकाचौकांत पेट्या ठेवल्या आणि आपण काय देऊ शकतो ते चिठ्ठीवर लिहून टाकावे, असे लोकांना सांगितले. सुमारे ६०० चिठ्ठ्या आल्या. हुकूमशाहीतील त्या गावाने कित्येक वर्षांनी पेटीत स्वेच्छेने टाकलेले ते एक प्रकारचे मतच होते. या शाळेतील ११ विद्यार्थी नोकरी सांभाळून सारागोसा येथील परीक्षा देत गेले आणि १९५२ मध्ये अभियंते झाले.

या अभ्यासमंडळांत चर्चा होई ती कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणीची. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रातून श्रमाची प्रतिष्ठा आणि न्याय्य वेतन यांचा पुरस्कार केला होता. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’त पुढे जाऊन कामगारांना मालकी, व्यवस्थापन वा नफा यांत काही वाटा मिळावा असे सुचविले होते. अशी परिपत्रे वाचून मालकाने दयाळू व्हावे, असा अर्थ बहुतेकांनी काढला. अरिझमेंदियारिएता यांनी काढलेला अर्थ वेगळा होता. श्रम करणारा माणूस ईश्वराच्या सृष्टिकार्यात सहभागी असेल, तर भांडवलाने त्याला कामावर ठेवणे उलटे ठरते. त्यानेच भांडवलाला कामावर ठेवले पाहिजे, त्याचे योग्य मोल द्यावे आणि निर्णयाचा अधिकार मात्र स्वतःकडे राखावा. हे तत्त्व व्यासपीठावर गोड वाटते. त्याचे नियमांत रूपांतर करणे हे त्यांनी आपले जीवितकार्य मानले.

‘उनियोन सेराखेरा’त नोकरीस असलेल्या त्यांच्या शिष्यांनी प्रथम त्याच कंपनीत कामगारांना भागभांडवलात वाटा मिळावा असा प्रयत्न केला. व्यवस्थापनाने नकार दिला. तेव्हा पाच जण बाहेर पडले. उसातोरे, लार्रान्यागा, गोर्रोन्योगोइतिया, ओर्माएचेया आणि ओर्तुबाय या आडनावांतील अक्षरे जुळवून ‘उल्गोर’ हे नाव तयार झाले. नेमके काय बनवायचे हेही पक्के ठरलेले नसताना गावातील शंभराच्या आसपास लोकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि सुमारे १ कोटी १० लाख पेसेटा उभे राहिले. वितोरियातील एका बंद पडलेल्या कारखान्याचा परवाना विकत घेऊन १९५६ मध्ये मोंद्रागोन येथे रॉकेलवर चालणाऱ्या शेगड्यांचे उत्पादन सुरू झाले.

उल्गोरच्या नियमावलीत अरिझमेंदियारिएता यांचा हात होता आणि त्यांचे खरे कर्तृत्व तेथेच दिसते. प्रत्येक कामगार प्रवेशभांडवल भरून सभासद होई. भांडवल कितीही असो, मत एकच. सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेतन यांचे प्रमाण तीनास एक एवढेच. नफ्यातील एक भाग कधीही वाटता न येणाऱ्या राखीव निधीत जाई, किमान दहा टक्के शिक्षण व समाजकार्याला आणि उरलेला सभासदांच्या वैयक्तिक भांडवली खात्यांत. त्यावर व्याज मिळे, पण मूळ रक्कम निवृत्तीपर्यंत किंवा संस्था सोडेपर्यंत उद्योगातच राही. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यात ऊस पिकविणारा शेतकरी सभासद असतो आणि कारखान्यातील कामगार पगारी नोकर. मोंद्रागोनमध्ये यंत्रावर उभा असलेला माणूसच मालक होता.

पुढचा पेच गुंतवणुकीचा होता. कामगारांच्या उद्योगाला बँका कर्ज देण्यास कचरत होत्या आणि गावकऱ्यांची बचत मात्र त्याच बँकांमार्फत बाहेरगावी जात होती. कायद्याचा अभ्यास करून अरिझमेंदियारिएता यांनी सहकारी पतसंस्था काढण्याची कल्पना मांडली. शिष्यांनी ती साफ फेटाळली. आम्ही कालपर्यंत कारागीर होतो, आज व्यवस्थापन शिकतो आहोत, बँक चालविणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. तरीही धर्मगुरूंनी अर्ज तयार केला आणि संस्थापक म्हणून दोन शिष्यांच्या सह्या परस्पर स्वतःच ठोकून दिल्या. हे कृत्य नीतीच्या कोणत्याही कसोटीवर सहजी समर्थनीय नाही आणि प्रत्येक निर्णय सभासदांच्या मतावर सोपविणाऱ्या माणसाकडून ते घडावे, हा विरोधाभासही लपण्यासारखा नाही. शिष्यांनी नंतर ती जबाबदारी स्वीकारली हेही तितकेच खरे.

१९५९ मध्ये ‘काखा लाबोराल’ ही बँक उघडली. पतसंस्थांना ठेवींवर इतर बँकांपेक्षा अर्धा टक्का अधिक व्याज देण्याची कायद्याने मुभा होती. तिचा तिने पुरेपूर उपयोग केला. बचतीचे पुस्तक काढा, नाहीतर परगावी जाण्यासाठी बॅग भरा, अशा आशयाच्या प्रचारातून बचत आणि गावातील रोजगार यांचे नाते तिने लोकांना पटवून दिले. तिच्या उद्योग विभागात नव्या धंद्याची व्यवहार्यता तपासली जाई, संस्थापकांना दीर्घकाळ मार्गदर्शन मिळे आणि अडचणीतील संस्थेला सावरले जाई. बँकेतील कर्मचाऱ्यांचा नफ्यातील वाटाही संलग्न उद्योगांच्या यशाशी जोडलेला होता. ठेवीदाराला व्याज, कर्जदाराला भांडवल आणि गावाला काम ही तिन्ही उद्दिष्टे एकाच ताळेबंदात मांडण्याचा हा प्रयोग होता.

सहकारी सभासद हे मालक ठरतात, म्हणून त्यांना सरकारी सामाजिक सुरक्षेतून वगळण्यात आले. तेव्हा त्यांनी स्वतःची विमा व निवृत्तिवेतन योजना उभारली. तीच पुढे ‘लागुन आरो’ झाली. १९६६ मध्ये विद्यार्थ्यांना अर्धा दिवस शिक्षण व अर्धा दिवस काम देणारी ‘अलेकोप’, १९६९ मध्ये ‘एरोस्की’ हे ग्राहक भांडार, १९७४ मध्ये ‘इकेर्लान’ ही संशोधन संस्था असा विस्तार होत गेला. या कोणत्याही संस्थेत सभासदत्वासाठी श्रद्धेची अट नव्हती. कॅथलिक शिकवणीतून जन्मलेला हा उद्योग नास्तिकालाही तितकाच खुला होता आणि ही तटस्थता धर्मगुरूंनी आग्रहाने जपली. ते स्वतः अखेरपर्यंत सहायक धर्मगुरूच राहिले. गावातून सायकलने आणि पुढे मोपेडने त्यांची ये-जा चाले.

१९७४ मध्ये उल्गोरमध्येच संप झाला. कामाच्या श्रेणी ठरविण्यावरून असंतोष भडकला आणि पुढाऱ्यांना सभासदांनीच काढून टाकले. काही वर्षांनी त्यांना परत येण्याची मुभा मिळाली. मालकी वाटली म्हणून मतभेद मिटत नाहीत, हा धडा संस्थापकांना आपल्या हयातीतच मिळाला. हृदयविकाराने खंगलेल्या अरिझमेंदियारिएता यांचे २९ नोव्हेंबर १९७६ रोजी मोंद्रागोन येथे निधन झाले.

त्यांच्या पश्चात हा समूह स्पेनमधील मोठ्या उद्योगसमूहांपैकी एक बनला. परीक्षाही कठोर झाल्या. उल्गोरचा वारसा सांगणारी ‘फागोर’ ही गृहोपयोगी उपकरणांची संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या बहुतेक सभासदांना इतर संस्थांत काम किंवा मुदतपूर्व निवृत्ती मिळाली, परंतु तिच्या रोख्यांत आयुष्याची पुंजी गुंतविलेल्या सामान्य लोकांना मोठा फटका बसला. परदेशातील कारखान्यांतले बहुसंख्य कामगार सभासद नाहीत, ही टीकाही कायम आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘उल्मा’ आणि ‘ओरोना’ या दोन मोठ्या संस्थांनी समूहाबाहेर पडण्याचा कौल दिला.

पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१५ मध्ये अरिझमेंदियारिएता यांना ‘पूजनीय’ घोषित केले. संतपदाच्या वाटेवरील ही एक पायरी आहे. चर्च त्यांच्या सद्गुणांचा निवाडा करीत राहील. उद्योगजगताला त्यांनी घालून दिलेला दंडक मात्र अधिक अवघड आहे. उद्योजकाची श्रद्धा किती खरी, हे ते त्याच्या देणग्यांवरून ठरवीत नसत. त्यासाठी ते त्याच्या वेतनश्रेणीचा तक्ता, सभेतील मतांची वाटणी आणि नफ्याचे खाते पाहत.