विल्यम ब्लॅनफर्ड
भूशास्त्रज्ञ विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड यांचा जन्म १८३२ साली लंडनमध्ये झाला. १८५५ मध्ये ते धाकटे बंधू हेन्री यांच्यासह कोलकात्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. पुढच्याच वर्षी ओडिशातील तालचेरच्या कोळसाक्षेत्राची पाहणी करताना त्यांना एक कोडे पडले. बारीक गाळाच्या थरात मोठमोठे धोंडे रुतलेले होते. धोंडे वाहून आणणाऱ्या वेगवान पाण्यात हलका गाळ टिकेल कसा? धोंडे बर्फात अडकून आले आणि बर्फ वितळताच गाळात पडले, असा निष्कर्ष या बंधूंनी मांडला. उष्ण भारतात बर्फ! अनेकांना हे पटेना. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरई गावाजवळ अशाच थराखालचा चुनखडक घासलेला व ओरखडलेला आढळला. फेडन यांनी १८७५ मध्ये तो पुरावा प्रसिद्ध केला.

थरांचे वय वर्षांत मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. ते सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे असून तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाकडील थंड प्रदेशात होता, हे विसाव्या शतकात कळले. आज अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरतळातून गाळाचे लांब नमुने काढतात. त्यांतही शास्त्रज्ञ असेच खडे शोधतात आणि थराच्या वयावरून तेथे हिमनग केव्हा तरंगत होते, ते ठरवतात.

ब्लॅनफर्ड १८८२ मध्ये निवृत्त झाले. १९०५ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.