अँजिओग्राफी हृदयाची, मग किडनीची चौकशी कशाला? वर्नर फोर्समानची गोष्ट

नाशिकमध्ये घरातल्या कुणाची अँजिओग्राफी ठरली की हॉस्पिटलमधून आधी विचारतात, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आहे का? तपासणी हृदयाची आणि चौकशी किडनीची! हे नातं समजून घ्यायचं तर वर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरचं आयुष्य बघायला हवं.

फोर्समानचा जन्म 1904 चा, बर्लिनचा. 1929 मध्ये तो बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डच्या हॉस्पिटलमध्ये शिकाऊ सर्जन होता. छाती न फाडता, हाताच्या शिरेतून नळी सरकवत थेट हृदयापर्यंत जाता येईल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. वरिष्ठांनी साफ नकार दिला. निर्जंतुक सामान गेर्डा डिट्झेन या नर्सच्या ताब्यात असायचं. प्रयोग स्वतःवर करून घ्यायला ती तयार झाली. त्याने तिला टेबलाला बांधलं आणि तिच्या नकळत स्वतःच्याच डाव्या कोपराजवळची शीर उघडून नळी आत घातली. मग तिला सोडवून, हातात नळी तशीच ठेवून, तो जिने उतरून एक्स-रे खोलीत गेला. आरशात बघत त्याने नळी 65 सेंटिमीटरपर्यंत ढकलली. एक्स-रेमध्ये नळीचं टोक हृदयाच्या उजव्या भागात दिसलं. धाडस मोठंच, पण त्या नर्सला त्याने फसवलं हेही खरं.

गंमत म्हणजे ती नळी मुळात मूत्रमार्गासाठीची होती.

आता पुढची अडचण. एक्स-रेत नळी दिसते, पण हृदयाचे कप्पे दिसत नाहीत, कारण रक्त आणि मांस जवळपास सारखीच सावली देतात. रक्तात काहीतरी मिसळायला हवं, जे एक्स-रे अडवेल. आयोडीनचा अणू जड असल्याने तो हे काम छान करतो. त्याच सुमारास बर्लिनमध्ये मोझेस स्विक हा तरुण अमेरिकन डॉक्टर युरोसिलेक्टान या आयोडीनयुक्त औषधावर काम करत होता. हे औषध शिरेत दिलं की किडनी ते गाळून लघवीत सोडते आणि किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा रस्ता फोटोत उमटतो. म्हणजे आयोडीनचा हा ‘डाय’ तेव्हा किडनी बघण्यासाठीच शिरेत जाऊ लागला होता. फोर्समानने आयोडीनचा द्रव हृदयासाठी वापरला, आधी कुत्र्यांवर (ती त्याने आईच्या घरी ठेवली होती) आणि मग स्वतःवर. स्वतःचे फोटो काही नीट आले नाहीत. 1931 मध्ये त्याने हे काम छापलं.

कौतुक झालं नाही. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधून तर त्याला जावं लागलं. शेवटी तो मूत्ररोगतज्ज्ञ झाला. 1932 मध्ये तो नाझी पक्षात शिरला, युद्धात लष्करी डॉक्टर होता, मग युद्धकैदी. दरम्यान न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्याची पद्धत पुढे नेली. 1956 चं नोबेल तिघांना मिळालं, तेव्हा फोर्समान बाट क्रॉइत्सनाख या छोट्या शहरात किडनी-मूत्रमार्गाचे पेशंट तपासत होता. 1979 मध्ये हृदयविकाराने तो गेला.

आता किडनीचं बघू. डाय आजही मुख्यतः किडनीतूनच बाहेर पडतो. निरोगी माणसात साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं होतं. पण जाता जाता तो किडनीच्या आतल्या भागातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करू शकतो. तिथे ऑक्सिजन आधीच कमी, त्यात नळ्यांच्या पेशींवर ताण. मग दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन वाढतं. बहुतेकदा ते परत खाली येतं. जुने डाय रक्तापेक्षा पाच ते आठ पट तीव्र होते. स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेनने 1960 च्या दशकाच्या शेवटी सौम्य डायची कल्पना मांडली, आज सहसा तसेच वापरतात.

पूर्वी स्कॅननंतर क्रिएटिनिन वाढलं की दोष सरळ डायला जायचा. पण असे पेशंट मुळातच आजारी असतात आणि डाय न दिलेल्यांमध्येही ते वाढतं, असं नंतर दिसलं. खरी काळजी ईजीएफआर 30 च्या खाली असलेल्यांची. त्यांना आधी-नंतर सलाइन देतात, डाय शक्य तितका कमी वापरतात. घरातल्या पेशंटला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणि मोठा हार्ट अटॅक आलेला असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत, लगेच अँजिओग्राफीला घेतात. तिथे उशीर जास्त महागात पडतो.