पहाटेचा पाठ : पंडिता रमाबाई

म्हैसूरच्या वायव्येस, आजच्या चिक्कमगळूर जिल्ह्यात, सह्याद्रीच्या दाट अरण्यात गंगामूळ नावाचे स्थान आहे. तुंगा आणि भद्रा या दोन्ही नद्या तेथे उगम पावतात. याच अरण्यातील एका आश्रमवजा घरात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई डोंगरे यांचा जन्म झाला. पुढे ज्यांना सारा देश पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागला, त्यांच्या जीवनाचा आरंभ असा कर्नाटकाच्या भूमीत आणि मराठी भाषेच्या कुशीत झाला.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित. पुण्यात अध्ययन करीत असताना पेशव्यांच्या वाड्यातील राजस्त्रीला संस्कृत शिकवले जात असल्याचे त्यांनी पाहिले होते. स्त्रियांना विद्येचा अधिकार नाही, हे मत तेव्हापासून त्यांना पटेनासे झाले. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी स्वतः संस्कृत शिकवले. आप्तांचा आणि समाजाचा विरोध वाढला, तेव्हा त्यांनी गाव सोडून अरण्यात घर केले. पण शिकवणे सोडले नाही.

रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तोवर शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते. त्यामुळे कन्येचे अध्यापन मातेकडे आले. घरातील कामे दिवसभर संपत नसत. म्हणून लक्ष्मीबाई भल्या पहाटे, पाखरे जागी होण्याच्या सुमारास, मुलीला झोपेतून उठवून जवळ घेत आणि श्लोक म्हणवून घेत. पाटी नाही, शाळा नाही. आईचे मुख हेच पुस्तक. या पहाटेच्या पाठावर रमाबाईंच्या पुढील साऱ्या विद्वत्तेचा पाया रचला गेला.

कुटुंबाची पुंजी संपली आणि तीर्थयात्रा व पुराणकथन यांवर गुजराण होऊ लागली. दक्षिणेतील दुष्काळात अन्नान्नदशा झाली. १८७४ मध्ये थोड्याच अवधीत वडील, पाठोपाठ आई आणि काही महिन्यांनी थोरली बहीण कृष्णाबाई, असे तिघे काळाने ओढून नेले. आईची तिरडी उचलण्यास पुरेसे लोक मिळेनात. रमाबाईंची उंची कमी, खांदा पोहोचेना. तेव्हा त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला आणि आईला स्मशानापर्यंत नेले.

बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी देश पालथा घालीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. तथापि दुःख पाठ सोडीत नव्हते. १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी जातिबंधन ओलांडून विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. चोवीस वर्षांचे वय पुरे होण्याआधीच, कडेवर लेक घेऊन त्या एकाकी उरल्या.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य यांची गरज ठामपणे मांडली. वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो हेतू मात्र सफल झाला नाही. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या सहवासात त्यांनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा होताना पाहिली. पतितेला दूर न लोटणारा ख्रिस्त त्यांच्या अंतःकरणास भिडला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द त्यांनी डोळे मिटून मान्य केला नाही. वाद घालूनच त्या श्रद्धेपर्यंत आल्या होत्या. शुभ्र साधी साडी आणि शाकाहार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

अमेरिकेत व्याख्याने देऊन व ग्रंथ लिहून साहाय्य मिळविल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. विधवा मुलींना तेथे शिक्षण आणि आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. गोदूबाई नातू, म्हणजे पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक.

येथेच त्यांच्या जीवनातील कठीण कसोटी आली. रमाबाई आपली प्रार्थना लपवून करीत नसत. दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. पालकांना हा विश्वासभंग वाटला. धर्मांतराच्या भीतीने १८९३ मध्ये गदारोळ उठला, रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून दूर झाले आणि वीसहून अधिक मुली काढून नेण्यात आल्या. पालकांची धास्ती अकारण नव्हती आणि रमाबाईंची निष्ठाही खोटी नव्हती. आपली श्रद्धा दाराआड ठेवणे त्यांना मान्य झाले नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली आणि उरलेल्या मुलींना घेऊन कार्य चालू ठेवले.

१८९६ च्या दुष्काळाची वार्ता आली, तेव्हा आपले अनाथपण त्यांना आठवले असेल. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो भुकेल्या मुली आणल्या. दौंडजवळील केडगाव येथील माळरानावर विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली आणि १८९८ मध्ये मुक्तिसदनाची वास्तू सिद्ध झाली. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे दोन हजार स्त्रिया व मुले राहत होती. विणकाम, शिवण, शेती, दुग्धालय, छापखाना. जिला जे जमेल ते तिने शिकावे व स्वतःच्या पायांवर उभे राहावे, अशी व्यवस्था होती. अंध मुलींसाठीही स्वतंत्र शिक्षणाची सोय होती.

या साऱ्या कार्यात मनोरमाबाई मातेचा उजवा हात झाल्या. १९१३ च्या सुमारास गुलबर्गा येथे शाळा सुरू झाली, तिची धुरा त्यांनी सांभाळली. कर्नाटकात जन्मलेल्या मातेचे विद्यादान लेकीच्या हातून पुन्हा कानडी मुलखात पोहोचले.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी बायबल सामान्य स्त्रीला कळेल अशा सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. सदनातील स्त्रियांनीच त्याची जुळणी आणि छपाई केली. हे काम चालू असतानाच जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई अकाली गेल्या. ज्या लेकीवर संस्थेचा भार सोपवायचा, तिचाच वियोग त्यांच्या वाट्यास आला. तरीही हातातील काम त्यांनी तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

मुक्तिसदन आजही सुरू आहे. त्याची मुळे शोधू गेल्यास ती पहाटेच्या त्या पाठापर्यंत पोहोचतात, जेव्हा दिवसभराच्या कष्टांआधी थोडा वेळ काढून एक आई आपल्या लेकीला शिकवीत होती.