दारू सोडली होती, तरी मीना कुमारी वाचली का नाही?

फेब्रुवारी १९७२. मराठा मंदिरला ‘पाकीझा’चा प्रीमियर झाला. त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तोच या सिनेमाची नायिका मुंबईतल्या सेंट एलिझाबेथ नर्सिंग होममध्ये कोमात गेली. ३१ मार्चला मीना कुमारी गेली. वय फक्त ३८. कारण होतं लिव्हर सिरॉसिस.

दारूने तिचा जीव घेतला, असं म्हणून आपण विषय संपवतो. पण त्याच्या चार वर्षं आधीच ती लंडनहून उपचार घेऊन परतली होती. त्यानंतर तिने दारूही सोडली होती, असं सांगितलं जातं. मग झालं काय?

तिचं खरं नाव महजबीन. जन्म मुंबईचा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे १९३९ साली विजय भट्ट यांच्या ‘लेदरफेस’मध्ये ती बालकलाकार म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ने तिला स्टार केलं. त्याच वर्षी तिने दिग्दर्शक कमाल अमरोही यांच्याशी लग्न केलं. १९६४ मध्ये दोघं वेगळे झाले.

‘साहिब बीबी और गुलाम’मध्ये तिने दारूच्या आहारी गेलेली छोटी बहू साकारली. सिनेमा १९६२ चा. तिला स्वतःला निद्रानाश होता. झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी ब्रँडीचा छोटा पेग घ्यायला सांगितलं आणि तिथून सवय लागली, असं तिच्या चरित्रांमध्ये येतं. त्या छोट्या पेगचं पुढे व्यसन झालं.

१९६८ मध्ये सिरॉसिसचं निदान झालं. लंडनमध्ये तिच्यावर डॉ. शीला शेरलॉक यांनी उपचार केले. यकृताच्या आजारांमध्ये तेव्हा जगात त्यांचं नाव पहिलं घेतलं जायचं. मीना कुमारी बरी होऊन परतली आणि लगेच कामाला लागली. १९६९ मध्ये रखडलेला ‘पाकीझा’ पुन्हा सुरू झाला. पण शरीर साथ देत नव्हतं. काही नाचांसाठी तिच्या जागी पद्मा खन्नाला उभं करावं लागलं.

आता मुद्द्याचं. दारूमुळे यकृतात चरबी साठते, मग सूज येते. या टप्प्यावर दारू थांबवली तर यकृत बऱ्यापैकी सावरतं. सिरॉसिस म्हणजे मऊ यकृताच्या जागी कडक व्रण तयार होणं. दारू सोडली की आयुष्य वाढतं, पण जुने व्रण सहसा पूर्ण पुसले जात नाहीत. रक्ताला यकृतातून वाट मिळत नाही, दाब वाढतो. मग पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा फुटून रक्ताची उलटी होते, शरीरातली घाण मेंदूपर्यंत जाऊन माणूस बरळायला लागतो, शेवटी कोमात जातो.

म्हणूनच असे पेशंट घरी जातात आणि पुन्हा ॲडमिट होतात. उत्तर अमेरिकेत सिरॉसिसच्या पेशंट्सवर झालेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिस्चार्ज मिळालेल्यांपैकी ५३ टक्के पेशंट्सना तीन महिन्यांच्या आत परत भरती व्हावं लागलं होतं.

आज यावर यकृत प्रत्यारोपणाचा पर्याय आहे. पण भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ चं. मीना कुमारीला जाऊन तेव्हा २६ वर्षं झाली होती.

तुमच्या घरात असा पेशंट असेल तर एवढं लक्षात ठेवा. डिस्चार्ज मिळाला म्हणजे आजार संपला, असं नाही. पहिल्या काही दिवसांतच तपासणीला न्या. मीठ कमी, औषधं वेळेवर. पोट फुगणं, काळी शौच, दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. आणि यकृताच्या डॉक्टरांइतकीच व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांचीही गरज असते. रोज पिणाऱ्याने दारू सोडायची ती त्यांच्या देखरेखीखालीच, कारण एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते.

मीना कुमारीला उपचार मिळाले, पण उशिरा. ब्रँडीच्या पेगपासून सिरॉसिसच्या निदानापर्यंत जी वर्षं गेली, थांबायची खरी वेळ तीच होती.