कसोटीला उतरलेले ज्ञान : डॉ. कमला सोहोनी

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला परीक्षा नवी नसते. व्याख्या, आकृत्या आणि कारणे द्या यांची परीक्षा तीन तासांत आटोपते. डॉ. कमला सोहोनी यांना मात्र बंगळूर येथे एक निराळीच परीक्षा द्यावी लागली. तिचा अभ्यासक्रम कोठे छापलेला नव्हता आणि तिचा कालावधी एक वर्षाचा होता.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. या संस्थेला त्या काळी लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतील थोर लेखिका झाल्या. १९३३ मध्ये रसायन आणि भौतिक हे विषय घेऊन कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम गुणांनी संपादन केली आणि वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. संस्थेचे तत्कालीन संचालक, नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. नकाराचे कारण गुणपत्रिकेत नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते. कमलाबाई बंगळूरला गेल्या, नकाराचे लेखी कारण मागितले आणि गांधीजींच्या मार्गाने संचालकांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे राहील आणि कामाचा दर्जा पटला तरच त्याला मान्यता मिळेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही काम करावे लागेल. आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. शेवटच्या अटीतला अपमान त्यांना जन्मभर बोचला, आणि उतारवयात त्यांनी तो उघडपणे बोलूनही दाखवला. तथापि त्या क्षणी त्यांनी अटी स्वीकारल्या, कारण प्रयोगशाळेचे दार उघडणे अधिक महत्त्वाचे होते.

श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. शिस्तीचे कडक, परंतु विद्येच्या बाबतीत निःपक्षपाती. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटात प्रथिने येतात ती डाळीतूनच, तेथे हा विषय केवळ पुस्तकी नव्हता. वर्ष सरले तेव्हा कामाविषयी शंका उरली नव्हती. १९३६ मध्ये विशेष प्रावीण्यासह त्यांचे येथील शिक्षण पूर्ण झाले. त्याहून मोठे फळ असे, की या अनुभवानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. एका विद्यार्थिनीच्या निकालावर अनेकींचे प्रवेश अवलंबून होते, याची जाणीव ठेवून काढलेले ते वर्ष होते.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्यासारख्या जीवनसत्त्वांच्या आद्य संशोधकाचा तेथे सहवास लाभला. डॉ. डेरेक रिक्टर यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेतील जागा देऊ केली आणि नंतर त्यांनी रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. बटाट्याचा अभ्यास करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचे आढळले. सायटोक्रोम-सी हे लोहयुक्त प्रथिन आहे. श्वसनाच्या अखेरच्या टप्प्यात इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकवत ऑक्सिजनपर्यंत पोहोचवण्याच्या साखळीतील तो एक दुवा होय. प्राणी श्वास घेतात आणि वनस्पती अन्न तयार करतात, एवढेच पाठ केलेल्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. अन्नातून ऊर्जा मुक्त करण्याची रीत प्राण्यांच्या आणि बटाट्याच्या पेशीत मुळात एकच आहे. अवघ्या चौदा महिन्यांत पूर्ण झालेला सुमारे चाळीस पृष्ठांचा त्यांचा प्रबंध याच विषयावर होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख केला जातो.

परदेशात नाव मिळाले असतानाही त्या १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यावर, १९४७ मध्ये श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका आणि पुढे संचालिका म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. शेंगवर्गीय धान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडथळा करणारे घटक असतात. त्यांवर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ काम केले. कडधान्य नीट शिजवून का खावे, या घरगुती प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर या विषयात आहे, कारण उष्णतेने अशा घटकांचा प्रभाव बराच ओसरतो. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. नीरेतील पोषक घटक कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना उपकारक ठरतात, हे दाखवणाऱ्या या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

प्रयोगशाळेबाहेरही त्यांची तपासणी थांबली नाही. ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या संस्थापक सदस्यांपैकी एक होत्या. भेसळ ओळखण्याचे ज्ञान सामान्य गृहिणीपर्यंत पोहोचावे, यासाठी त्यांनी लेखणी झिजवली. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.

पेशी, प्रथिन, विकर, श्वसन हे शब्द शाळेच्या प्रत्येक जीवशास्त्राच्या पुस्तकात आहेत. त्यांच्या व्याख्या पाठ करून गुण मिळतात. कमलाबाईंनी तेच शब्द डाळीच्या दाण्यात, बटाट्याच्या फोडीत आणि दुधाच्या पेल्यात शोधले. आपल्या ज्ञानाची परीक्षा घेऊ पाहणाऱ्यांपुढे त्यांनी तेच ठेवले. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या प्रत्येक मुलीने हे नाव ओळखीचे करून घ्यावे, कारण तिथवरची वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांत कमलाबाई अग्रभागी आहेत.